पहिल्या ओळीत काही नाही

चिरंजीव नवलकिशोर,

तुझ्यावर लिहिते आहे, तुला विचारून नाही. विचारलं असतं तर "बाई, थोडं थांबा, एवढं चालू होऊ द्या" म्हणाला असतास, आणि तुझं 'एवढं' कधी चालू होतं ते साऱ्या भोकरदनला ठाऊक आहे. दिवाळी अंकवाल्यांना आपल्या भागातल्या एखाद्या कर्तबगार माणसावर लेख हवा होता. मी म्हटलं, कर्तबगार सध्या शिल्लक नाही, नवलकिशोर चालेल का? ते हो म्हणाले. त्यांना पानं भरायची होती.

तू वाचच, पण अंक जालना जिल्ह्यात सगळीकडे जातो, तेव्हा जे तुला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. तू मधे तोंड घालू नकोस.

तू कचरूलालजींचा एकुलता मुलगा. बाजारगल्लीत तुमचं सरकी-पेंडेचं दुकान. तुमचे पूर्वज राजस्थानातून कधी आले ते आता तुमच्याही घरात कोणाला धड सांगता येत नाही. घरात मारवाडी, गिऱ्हाइकाशी मराठी आणि राग आला की हिंदी, अशी तुमची वाटणी. तू माझ्या इंग्रजीच्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसायचास आणि सगळ्या वर्गाला पेंडेचा वास यायचा. उंच, बारीक, खिशाला दोन पेनं, आणि विचारलं त्याचं उत्तर सोडून बाकी सगळं माहीत.

तुझी एक खोड मात्र जगावेगळी. कागद दिसला की तुझा हात वर जायचा आणि मधोमध 'श्री' लिहायचा. कचरूलालजींनी लावलेली सवय: श्री लिहिल्याशिवाय या घरात कागदाला शाई लागायची नाही. ते ठीक. पण तू सहामाहीच्या पेपरात पहिल्या पानावर श्री लिहून थांबला नाहीस, प्रत्येक पानावर लिहिलंस. भारताच्या नकाशात काश्मीरच्याही वर लिहिलंस. आलेखाच्या कागदावर लिहिलंस, तर गणिताच्या सरांना वाटलं तो एक बिंदू आहे. मी तुझ्या निबंधातल्या श्रीभोवती लाल गोल काढून 'अनावश्यक' असा शेरा मारला. तू निबंध पुन्हा लिहून आणलास. वर श्री, आणि त्याच्या खाली, नीट अक्षरात, 'अनावश्यक'. तुला वाटलं तेही लिहायचं असतं.

पुढं तू औरंगाबादला कंप्युटरचा कोर्स केलास आणि परत आलास तो एक मोठा खोका घेऊन. दुकानावरच्या माडीवर टेबल टाकलंस. तोवर मी निवृत्त झाले होते आणि मला वाटत होतं, आता माझी या पोरांपासून सुटका झाली. कसली सुटका! एक दिवस दुपारी चहाच्या वेळी तू दारात उभा.

"बाई, एक इंग्रजी वाक्य समजून राह्यलं न्हाई."

"कुठलं?"

"मशीननं दिलंय."

त्या दिवसापासून तुझ्या यंत्राची दुभाषी मी झाले. एम. ए. ला मी जे काही वाचलं होतं त्यातलं एक अक्षर उपयोगी पडलं नाही.

तू काय करत होतास ते वाचकांना सांगायलाच हवं, कारण मला स्वतःला ते महिनाभर पटलं नव्हतं. तू म्हशींची वेबसाइट करत होतास. ज्याला म्हैस विकायची त्यानं नाव नोंदवायचं, म्हशीची माहिती भरायची आणि घेणाऱ्यानं घरबसल्या बघायची. हे साल दोन हजार एक. भोकरदन तालुक्यात म्हशी अगणित आणि कंप्युटर बोटावर मोजण्याइतके. मी म्हणाले, "अरे, ज्याच्याकडे म्हैस आहे त्याच्याकडे कंप्युटर नाही, आणि ज्याच्याकडे कंप्युटर आहे तो पिशवीतलं दूध घेतो." तू म्हणालास, "बाई, सुरुवात कोणीतरी करावी लागती." याला काय बोलणार!

कचरूलालजींकडे मात्र बोलायला पुष्कळ होतं. खाली जागा ओली, पोत्यांना उंदीर लागलेले, आणि घरातली एकमेव कोरडी जागा म्हणजे माडी. तिथं तुझं यंत्र. शिवाय तू फोनच्या तारेतून इंटरनेट घ्यायचास तेव्हा दुकानाचा फोन बंद. गिऱ्हाईक फोन करायचं, फोन नुसता टूं टूं करायचा, गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जायचं. मी एकदा जिना चढत होते तर त्यांनी मला गादीवरूनच थांबवलं.

"मास्तरीणबाई, तुम्हीच बिघडवलं याला."

"मी? मी इंग्रजी शिकवलं."

"तेच म्हणून राह्यलो."

मग त्यांनी तुला खाली बोलावलं आणि माझ्यासमोर निकाल दिला. "नवल, लक्ष्मीपूजनाच्या आत त्या डब्यात एक म्हैस नोंद करून दाखव. एकच. मला कळंल अशी. दाखवली तर माडी तुझी, मी पुन्हा बोलणार न्हाई. न्हाई दाखवली तर माडीवर पोती आणि तू गादीवर. कबूल?"

तू कबूल म्हणालास. तुझा चेहरा मी पाहिला होता. जन्मभर त्या गादीवर बसून 'किती पोती, नवी का जुनी' विचारायचं, या कल्पनेनंच तुझा रंग पेंडेसारखा झाला होता.

त्यात साइट चालेना. साधी पानं दिसायची: वर कोपऱ्यात श्री, खाली म्हशीचं चित्र, त्याखाली तुझं नाव. पण म्हैसवाल्यानं आपलं नाव टाकून आत शिरायचं म्हटलं की पांढऱ्या पडद्यावर इंग्रजी वाक्य. तू ते कागदावर उतरवून आणलंस. अर्थात वर श्री लिहून. 'कॅनॉट ॲड हेडर इन्फर्मेशन, हेडर्स ऑलरेडी सेंट.' आणि पुढं, कॉन्फिग नावाची फाइल, लाइन वन.

मी भाषांतर केलं. डोक्यावरची माहिती जोडता येत नाही, डोकी आधीच रवाना झाली आहेत.

"बाई, म्हणजे काय?"

"मला काय विचारतोस? मी शब्दाचा अर्थ सांगितला. डोकी कोणाची ते तू बघ."

कॉन्फिग फाइल म्हणजे काय, ते तू मला समजावलंस. यंत्राला घरची ओळख करून द्यायची फाइल. घर कुठं, कुलूप कुठलं, किल्ली कोणती. बाकी सगळ्या फाइली उठल्या की आधी हिला भेटून येतात. मी म्हणाले, "मग हिच्यातच बिघाड असेल. पहिल्या ओळीत, असं ते सरळ सांगतंय."

"बघितलं बाई. पहिल्या ओळीत काही न्हाई."

मी तुझ्यावर विश्वास ठेवला. शिक्षकानं असं कधी करू नये.

मग सुरू झाला तो तमाशा. तू मॉडेम बदललास. सगळा प्रोग्रॅम पुसून परत घातलास. कुलूप-किल्लीचे शब्द बदललेस, मग नवे शब्द विसरलास, आणि ते शोधण्यात आठवडा घालवलास. कचरूलालजींनी जाफराबादहून एका जाणकाराला आणलं. त्यानं यंत्राचं तोंड पूर्वेला करायला सांगितलं. वायर पोहोचेना, म्हणून पडदा दाराच्या मधोमध स्टुलावर आला आणि तू जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून काम करू लागलास. कोणी वर आलं की तुला उठून खाली जावं लागायचं, मगच माणूस वर यायचा.

भंवरीबाई, तुझी आई, एवढी शहाणी बाई, पण तिनंही भर घातली. तू एकदा मला सांगत होतास की यंत्र समोरच्याला ओळखीसाठी 'कुकी' पाठवतं आणि ती कुकी पोहोचत नाही. तिनं विचारलं, कुकी म्हणजे काय. मी म्हणाले, बिस्कीट. भाषांतर बरोबरच होतं. दुसऱ्या दिवशी यंत्राच्या खोक्यावर बशीत चार नानकटाया. भंवरीबाई म्हणाली, "पोहोचत न्हाई म्हणता, तर जवळ ठेवली. यात नुकसान काय?" नुकसान हे की खोक्यात मुंग्या शिरल्या. तू खोका उघडलास आणि माझ्याकडे बघून म्हणालास, "बाई, प्रोग्रॅममधल्या चुकीला इंग्रजीत किडा म्हणतात." मी म्हणाले, "मला माहीत आहे, आणि तू आता हसलास तर मी घरी जाईन."

दिवाळी तोंडावर आली. खाली पेंडेची नवी पोती उतरायला लागली. कचरूलालजी काही बोलत नव्हते, पण हमालांना जिन्याची रुंदी विचारत होते.

शेवटी तू पुण्याला वसंताला फोन लावलास. वसंता तुझ्याबरोबर कोर्सला होता, तिथं कुठल्याशा कंपनीत लागला होता. एसटीडी बूथमध्ये तू आत, मी दार धरून बाहेर, कारण तो इंग्रजीत काही बोलला तर अर्थ सांगायला मी. पलीकडून वसंता एवढ्या मोठ्यानं बोलत होता की मला सगळं ऐकू येत होतं.

"अरे, पहिल्या ओळीत काय आहे?"

"काही न्हाई."

"एखादी मोकळी जागा? एखादं टिंब?"

"बिलकुल न्हाई."

"बघ नवल, सोपं आहे. यंत्र आधी पाकिटावर पत्ता लिहितं, मग आतलं पत्र. पत्ता लिहायच्या आधीच तुझ्या फाइलनं एखादं अक्षर जरी बोलून टाकलं ना, की पाकीट रवाना. मग पत्ता कुठं लिहिणार? तुझी फाइल आधी काहीतरी बोलून राह्यली."

"काही बोलत न्हाई रे. दहा वेळा बघितलं."

"मग मला न्हाई कळत," वसंता म्हणाला, "दिवाळीला भेटू." आणि फोन ठेवला.

तू बूथमधून बाहेर आलास तो पोतं पाठीवर घेतल्यासारखा वाकून. मला तुझी दया आली, आणि दया आली की माझा आवाज चढतो. "चल वर," मी म्हणाले. "ती फाइल मला दाखव. मी स्वतः वाचणार."

"बाई, ते तुम्हाला कळणार न्हाई."

"वाचायला कळावं कशाला लागतं? मी तुझे निबंध वाचले आहेत."

तू पायरीवरून उतरलास, मी चढले, तू पुन्हा चढलास आणि माझ्या मागं उभा राहिलास. फाइल उघडली. मी चष्मा पुसला. पहिली ओळ.

"नवल, हे काय आहे?"

"श्री आहे बाई."

"ते मी वाचलं. पहिल्या ओळीत काही नाही म्हणालास ना?"

"न्हाईच ना काही. श्री आहे."

मी वळून तुझ्याकडे बघितलं. तुझ्या डोळ्यांत लबाडी नव्हती, तेच भयंकर होतं. लहानपणापासून प्रत्येक कागदाच्या डोक्यावर असलेली ती खूण तुला कागदाचाच भाग वाटत होती. कागदाला जशा कडा असतात तसं त्याला श्री. वसंतानं टिंब विचारलं, मोकळी जागा विचारली. श्री आहे का, असं कोण विचारणार!

"काढ ते."

तुझा हात कीबोर्डपर्यंत गेला आणि तिथंच थांबला. "बाई, तुम्ही दाबा."

मी दाबलं. माझी आणि देवाची अशी काही जानी दुश्मनी नाही, पण मला संध्याकाळी घरी भाजी करायची होती. श्री गेलं. तू आपलं नाव टाकून बघितलंस आणि दार उघडलं! यंत्र म्हणालं, नमस्कार नवलकिशोर, आपली म्हैस नोंदवा. मी टाळी वाजवली. तू मात्र कपाळावरचा घाम पुसलास, माझ्या खांद्यावरून हात पुढं केलास आणि श्री परत लिहिलंस. परत पांढरा पडदा, परत डोकी रवाना.

"अरे, हे काय केलंस?"

"श्री न्हाई लिहिलं तर हे चाललं काय अन् न चाललं काय, बाबूजी याला काम म्हणणारच न्हाईत. अन् मला बी हात लावू वाटत न्हाई बाई. न लिहिता सुरू केलेलं टिकत न्हाई."

मी तुला काय काय बोलले ते अंकात छापण्यासारखं नाही. तू ऐकून घेतलंस, खाली गेलास आणि दुकानात गिऱ्हाईक असताना सरळ म्हणालास, "बाबूजी, श्रीमुळं अडून राह्यलंय."

गिऱ्हाइकात कडूबा होता, जाफराबादकडचा. तू महिन्यापूर्वी त्याला 'म्हशीचा फोटो घेऊन ये, नोंद करू' म्हणाला होतास. फोटोवाल्याचा खर्च कशाला, म्हणून त्यानं टेम्पोत घालून म्हैसच आणली होती. ती दुकानाच्या दारात उभी होती आणि नमुन्याची पेंड खात होती. लक्ष्मीपूजन दुसऱ्या दिवशी होतं.

कचरूलालजी गादीवरून उठले. ते आजवर माडीवर चढलेले कोणी पाहिले नव्हते. एकेक पायरी, गुडघ्यावर हात ठेवून. त्यासाठी मला माडीवरून खाली उतरावं लागलं, मग आपण दोघं त्यांच्या मागून वर गेलो. ते स्टुलासमोर उभे राहिले, पडद्याला नाक लावलं.

"कुठं आहे श्री?"

"हे, सगळ्यात वर."

"अन् हे खाली काय? हे टोकदार."

"ती खूण आहे बाबूजी. तिथून प्रोग्रॅम सुरू होतो. त्या खुणेच्या आत असंल ते यंत्र मनात ठेवतं. बाहेर असंल ते सगळ्यांसमोर बोलून टाकतं."

"म्हणजे हे दार."

"दारच म्हणा."

"अन् तू श्री दाराच्या बाहेर मांडला. रस्त्यावर."

मी बोलले, मला राहवत नाही. "कचरूलालजी, तुमच्या दुकानाच्या दारावर तर बाहेरूनच शुभ-लाभ लिहिलंय."

"ते शुभ-लाभ, मास्तरीणबाई. ते गिऱ्हाइकासाठी. श्री आत असतो, गादीच्या डोक्यावर. रस्त्यावर आलेला गिऱ्हाईक दुकानात पाय ठेवायच्या आधी मी जोरात श्री श्री ओरडायला लागलो तर तो आत येईल का? पळून जाईल! तसंच हे पळून राह्यलं." मग तुझ्याकडे वळून, "गधे, अंदर लिख!"

तू आत लिहिलंस. खुणेच्या खाली, आधी दोन तिरप्या रेघा मारून, कारण त्या रेघांपुढचं यंत्र वाचत नाही. तेवढं मात्र तुला खुपलं. "बाबूजी, असं लिहिलं तर मशीन हे वाचणारच न्हाई."

"त्यानं वाचावं म्हणून लिहितो का आपण?" कचरूलालजी म्हणाले. "ज्यानं वाचायचं तो वाचतो. चल, म्हैस घाल जल्दी, ती खाली माझी पेंड खाऊन राह्यली."

आणि चाललं. कडूबाला वर बोलावलं. तू विचारत गेलास, तो जिन्यातून उत्तरं देत गेला.

"वेत कितवं? म्हणजे कितव्यांदा व्यायली?"

"तिसरं."

"दूध?"

"दोन्ही टायमाचं मिळून बारा लिटर. आता टेम्पोत बसून घाबरल्याली हाय, आज कमी देईल, ते लिहू नको."

"रंग?"

कडूबा थांबला. "शेठ, म्हैस हाय ती. हे इचारायला मशीन आणलं व्हय?"

तू 'काळा' लिहिलंस आणि नोंद झाली. पडद्यावर तिचं नाव आलं, 'राणी'. कचरूलालजींनी ते मोठ्यानं वाचलं, दोनदा.

खरी गंमत पुढची. खाली दूधवाल्या सोनूबाई पेंड न्यायला आल्या होत्या. त्यांनी म्हशीच्या कासेला हात लावून बघितला, दात बघितले, आमच्या आधी खाली उतरलेल्या कडूबाशी पदराआड बोटं दाबून भाव केला आणि आम्ही जिना उतरून येईपर्यंत म्हैस घेऊन गेल्याही. वेबसाइट तेव्हा तुझ्या माडीच्या बाहेरसुद्धा गेली नव्हती. पण कचरूलालजींनी आपला हिशेब लावला. डब्यात नाव घातलं आणि चहा होईस्तोवर म्हैस विकली! त्या दिवाळीत दुकानात जो येईल त्याला त्यांनी हे सांगितलं. तू मला हळूच म्हणालास, "बाई, विकलेली म्हैस यादीतून काढायची सोय मी केलीच न्हाई." ती सोय तू पुढंही कितीतरी दिवस केली नाहीस. राणी सोनूबाईंच्या गोठ्यात म्हातारी झाली तरी तुझ्या साइटवर तिसऱ्या वेतालाच होती, आणि घनसावंगीहून तिच्यासाठी फोन येत राहिले.

माडी तुझी झाली. पुढं तू कापसाच्या जिनिंगवाल्यांची साइट केलीस, शाळेची केलीस, बियाण्यांच्या दुकानांच्या केल्यास. वसंताही तुझ्याकडे अडलेली कामं पाठवू लागला. आता तुला कोणी चूक दाखवली की तू पहिल्यांदा म्हणतोस, "तुम्हाला जे काहीच नाही असं वाटतं, ते मला वाचून दाखवा." त्या वाक्यावर तुझं दुकान चालतं. वाक्य माझं आहे, पण असू दे.

त्याच वर्षी लक्ष्मीपूजनाला कचरूलालजींनी गादीवर यंत्राचा कीबोर्डही मांडला, त्याला हळदकुंकू वाहिलं, आणि तू 'एन्टर'मध्ये अडकलेलं कुंकू माझ्या केसातल्या पिनेनं काढत बसलास. तेव्हा ते म्हणाले, "नवल, जिन्यापाशी आता तुझी पाटी लाव. लोक मला येऊन इचारतात, मी काय सांगू? पाटी लाव."

तुझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. कुंकवानं, असं तू म्हणालास.

भोकरदनचा पेंटर 'कंप्युटर' हा शब्द दर वेळी वेगळ्या तऱ्हेनं लिहायचा, म्हणून ठरलं की पाटी जालन्याहून करून आणायची. तू नाव ठरवायचं, मी स्पेलिंग तपासायचं, दोघांनी सकाळच्या बसनं जायचं. पहिल्या खेपेला मी स्टँडवर उभी, आणि तू जिन्याचं माप घ्यायला विसरलास म्हणून परत गेलास. माप घेता घेता वर डोकावलास, कुणाची तरी साइट अडली होती, बसलास. मी शेंगा खाऊन घरी आले. दुसऱ्या खेपेला आपण मंगळवार निवडला आणि नेमकी अंगारकी निघाली. राजूरच्या गणपतीची गर्दी एवढी की एकाही बसच्या पायरीवर पाय ठेवायला मिळाला नाही. तिसऱ्या खेपेला माझा गुडघा. मग तुला नाव पसंत पडेना. मग पेंटर जाऊन फ्लेक्सवाले आले आणि कचरूलालजी म्हणाले, फ्लेक्स नको, रंगाचीच पाटी हवी, टिकती.

परवा तुमच्या जिन्यापाशी एकजण उभा होता. मलाच विचारू लागला, "मावशी, ते कंप्युटरवाले कुठं बसतात?" आत गादीवरून कचरूलालजींनी आपल्या काठीनं वर दाखवलं, न बोलता. इतकी वर्षं ते तसंच दाखवतात.

मंगळवार सोडून कुठलाही वार सांग. माप घेऊन ठेव. सकाळची बस अजून त्याच वेळेला सुटते.

तुझी,
उषाबाई